डबा विकणं सोपं होतं

धंदा सुरू केला तेव्हा आम्ही घरच्या घरी खत करायचे डबे विकायचो. मी आणि माझी नणंद, दोघीच. बाजूंना भोकं पाडलेला डबा, खाली पाणी काढायला तोटी, सोबत विरजणाची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, पुडी आणि एक छापील कागद. कागदावर चार ओळी: ओला कचरा टाका, वर विरजण भुरभुरा, झाकण लावा, दोन महिन्यांत खत तयार. तो कागद मीच लिहिला होता, त्यामुळे तो अर्धवट होता हे मोकळेपणानं सांगायला मला काही अडचण नाही.

डबे भराभर गेले. सहा-सात महिन्यांनी, आणखी मागणी मिळते का बघू म्हणून जुन्या गिऱ्हाइकांकडे चक्कर मारली. एका घरी डब्यात मुलांची खेळणी, दुसऱ्या घरी धुवायचे कपडे. तिसऱ्या घरच्या काकूंनी बोलण्यात वेळ घालवला नाही. गॅलरीत नेलं, झाकण उघडलं आणि स्वतः चार पावलं मागं सरकल्या. तळाशी काळपट लगदा, वर चिलटांचा ढग आणि डोक्यात जाणारा आंबूस भपकारा. "तुमच्या कागदावर हे कुठं लिहिलंय?" आम्ही डबा परत घेतला. येताना गाडीत दोघीही गप्प होतो. डबा मागच्या सीटवर होता, त्यामुळे तोंड उघडायची सोयही नव्हती.

कुजणं आणि सडणं हे शब्द आपण सहज एकाच्या जागी दुसरा वापरतो. आमच्या कामात त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हवा खेळती असेल तर कचरा कुजतो, डबा आतून कोमट लागतो आणि शेवटी ओल्या मातीचा वास येतो. हवा कोंडली की तो सडतो, कारण मग हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. कचरा डेपोच्या ढिगाखाली हेच चालतं आणि तिथून मिथेन निघतो. १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक धरला जातो. काकूंच्या गॅलरीत छोटासा डेपोच तयार झाला होता, आणि तो आम्ही विकला होता.

चूक कुठं झाली ते कळायला फार डोकं लागलं नाही. साली-देठांमध्ये बहुतांश पाणीच असतं, ८० ते ९० टक्के. ते सुटलं की लगदा खाली बसतो आणि हवेची भोकं बुजतात. त्यावर विरजणाच्या कितीही पुड्या ओतल्या तरी उपयोग नाही. लागतो तो कोरडा माल: वाळका पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो पाणी शोषतो, मधे पोकळी ठेवतो आणि कर्बही (कार्बन) पुरवतो. शास्त्र सांगतं की सुरुवातीला कर्ब आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, पाल्या-भुशात कर्ब जास्त. हे गणित एकदा एका इमारतीच्या गच्चीवर फळा लावून समजावलं. वळून पाहिलं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तेव्हापासून एवढंच सांगते: एक वाडगं ओलं, तर एक-दोन वाडगी कोरडं, आणि सगळ्यात वर कायम कोरडं. साल उघडी दिसली की चिलटांना आवतण गेलंच म्हणून समजा.

आणि मूठ. डब्यातला माल मुठीत घ्यायचा आणि घट्ट पिळायचा. बोटांच्या फटीतून थेंब-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर कोरडा माल वाढवा. मूठ उघडल्यावर सगळं पिठासारखं सांडलं तर पाणी शिंपडा. पुस्तकात ५० ते ६० टक्के ओल लिहिलेली असते, पण ती मोजायला घरात कुणाकडे काय असतं? हात घालायची किळस मात्र सगळ्यांना येते. म्हणून पहिली मूठ आम्ही दाबतो, हातमोजे न घालता, मालकिणीच्या डोळ्यांदेखत. एका आजोबांनी माझा हात झाल्यावर लगेच स्वतःचा घातला आणि म्हणाले, "हे तर शेतातल्या उकिरड्यासारखंच लागतंय." उकिरडा हा शब्द मी इतक्या प्रेमानं उच्चारलेला पहिल्यांदाच ऐकला.

आमचं काम खरं बदललं ते तारखांमुळे. परत आलेल्या डब्यांचा हिशेब लावला तेव्हा दिसलं की माणसं डबा सोडतात ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. पहिला आठवडा हौसेचा असतो. मग डबा भरत येतो, खत काही दिसत नाही, थोडा वास सुरू होतो आणि घरातलं कुणीतरी "मी आधीच म्हटलं होतं" म्हणतं. त्या वाक्यापुढे भलेभले हात टेकतात. म्हणून आता दहाव्या आणि विसाव्या दिवशी आम्ही घरी जातोच, तक्रार असो वा नसो. ज्यांना भेट नको, त्यांना डबाही नाही. या अटीपायी एकदा शंभर डब्यांची मागणी सोडली. त्यांना भेट म्हणून वाटायला डबे हवे होते, शिकवणी नको होती. नणंद माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. डबे गोदामात पडून होते आणि भाडं थकलं होतं, तेव्हा तिचंही चुकलं नव्हतं.

विसाव्या दिवशी हमखास निघणारा विषय म्हणजे अळ्या. करड्या, चपट्या, वळवळणाऱ्या. एका ताईंनी रात्री फोन करून "डबा जिवंत झालाय" असं सांगितलं होतं. बहुतेक वेळा त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या असतात. ती माशी चावत नाही, घरातल्या अन्नाभोवती घोंघावत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्यानं फस्त करतात. मोठ्या झाल्या की गडद होतात आणि कोरडी जागा शोधत डब्याबाहेर निघतात. गोंधळ होतो तो तेव्हा. मी लोकांना म्हणते, नको असतील तर कोरडा माल वाढवा, ओल कमी झाली की त्याही कमी होतात. किळस करू नका, असं मात्र मी कधीच म्हणत नाही. मला स्वतःला त्यांची सवय व्हायला वर्ष लागलं.

विरजणाच्या पुड्या आम्ही बंद केल्या. त्यावर नफा चांगला होता, पण लागणारे जिवाणू सालीवर, पाल्यावर आणि मातीत आधीपासून असतात. तयार खताची ओंजळ नव्या डब्यात टाकली की तेच विरजण. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये खत करायची इंदूर पद्धत प्रसिद्ध केली, तीत पालापाचोळा, शेण, माती, राख आणि वेळेवर पालटणं यांवरच भर होता.

एक चूक मात्र अलीकडची आहे. एका घरचं खत दिसायला काळं, भुसभुशीत झालं होतं. मी म्हटलं, घाला कुंड्यांत. आठवड्या-दोन आठवड्यांत पानं पिवळी पडली. खत अजून कच्चं होतं. कच्च्या खतात जिवाणूंचं काम चालूच असतं आणि मातीतलं नत्र तेच ओढून घेतात, रोपाला उरत नाही. त्या बाईंना मी स्वखर्चानं नवी रोपं आणून दिली. आता चाळलेलं खत किंचित ओलं करून पिशवीत बंद करतो आणि आठवडाभरानं उघडतो. मातीचा वास आला तर तयार, आंबूस वास आला तर परत डब्यात. नवा कागदही लिहिलाय. त्यात 'दोन महिने' हे शब्द नाहीत. 'तीन ते चार, कधी जास्त' असं आहे.

हा धंदा म्हणून जरा विचित्रच आहे. शिकवणी जमली की गिऱ्हाईक संपतं. ज्या घरी सगळं नीट चाललंय तिथून फोन येत नाही, आणि डबा काही दरवर्षी लागत नाही. सध्या आमचं पोट मोठ्या इमारतींच्या सामायिक खड्ड्यांवर आणि त्यांच्या देखरेखीवर चालतं. घरोघरच्या भेटी त्यातून निघणाऱ्या पैशावर होतात. किती वर्षं झेपेल, ते नणंद जास्त नेमकं सांगेल, हिशेबाची वही तिच्याकडे असते.

काही घरांचं खत आम्हीच चाळून देतो. चाळणीवर उरतात फळांवरचे स्टिकर, रबरबँड, आणि चमचे. चमचे फार. खरकट्याबरोबर जातात आणि तीन महिन्यांनी काळे होऊन निघतात. ते धुऊन एका बरणीत ठेवले आहेत, सोबत दोन सोलाणीही आहेत. डबा परत केलेल्या त्याच काकू परवा आल्या. शेजारणीकडचा डबा बघून त्यांनी पुन्हा सुरुवात केलीय, मला पत्ताच नव्हता. बरणी पालथी करून त्यांनी एकेक चमचा निरखला आणि म्हणाल्या, "यातला एकही माझा नाही. पण हे सोलाणं शेजारणीचं आहे, नेऊन देते."