पोर्तुगीज दप्तर आणि मराठी विद्यार्थी

गोवा विद्यापीठात पोर्तुगीज घेऊन एम.ए. करायचे मी ठरवले, तेव्हा सावंतवाडीला आमच्या घरी सर्वांनी आधी नोकरीचे काय ते विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तरही होते: भाषांतर, अध्यापन, ब्राझीलशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या. परंतु परकीय भाषांच्या विद्यापीठीय अभ्यासाची चर्चा बहुतेक वेळा तिथेच थांबते, याचे मला मनापासून वाईट वाटते. परीक्षेच्या पायऱ्या चढत संभाषणापर्यंत पोचवण्याचे काम एखादा चांगला खासगी वर्गही करू शकतो. विद्यापीठाचे काम त्यापुढे सुरू होते. त्या भाषेत ज्यांनी कायदे केले, प्रार्थना म्हटल्या, राज्ये चालवली आणि गमावली, त्यांचे कागद आणि त्यांची पुस्तके स्वतःच्या बळावर वाचता येतील इतकी तयारी तिथे व्हायला हवी.

पोर्तुगीजच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याला हे अधिकच लागू पडते, कारण त्या कागदांत आपण स्वतः आहोत. पणजीच्या पुराभिलेखागारात लिस्बन आणि गोवा यांच्यामधल्या पत्रव्यवहाराचे खंड आहेत. मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून ही पत्रे जात, म्हणून त्या खंडांना ‘मोसमांची पुस्तके’ असेच नाव पडले. त्यांच्याच शेजारी ‘शेजारच्या राजांची पुस्तके’ आहेत, आणि त्या शेजाऱ्यांत मराठे आहेत, सौंध्याचे राजे आहेत, आमच्या वाडीचे सावंत भोसलेही आहेत. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) अनेक वर्षे या दप्तराचे प्रमुख होते. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवरचा त्यांचा अभ्यास आजही आधाराला घ्यावा लागतो. त्यांच्यानंतर ही वाट चालणारे मराठी अभ्यासक बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, ही गोष्ट आपण फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

नुसती भाषा आली म्हणून हे कागद उलगडत नाहीत. सतराव्या शतकातले वळण वेगळे, शब्दांची संक्षिप्त रूपे वेगळी, आणि १९११ च्या सुधारणेपूर्वीचे शुद्धलेखनही वेगळे. त्याहून अवघड म्हणजे मागचे जग. १६२० च्या सुमाराचे पत्र हाती घेतले, तर त्यात आज्ञा करणारा राजा स्पेनचाही राजा असतो, कारण १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजघराण्याकडे होता. हे ठाऊक नसेल तर गोव्याला मदत का मिळत नव्हती आणि स्पेनशी लढणारे डच गोव्याच्या समुद्रात का उतरले होते, हे कळत नाही.

१६८३ ची हकीकत तर माझ्या विशेष जिव्हाळ्याची आहे. मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्यापुढून गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली, त्यानंतर संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेटाचा किल्ला घेतला, आणि राजधानी आता वाचत नाही असे वाटल्यावर व्हाइसरॉयने आपल्या अधिकाराची चिन्हे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीपाशी नेऊन ठेवली. आपल्या इतिहासलेखनात हा प्रसंग त्याच्या घाबरगुंडीचा पुरावा म्हणून येतो. भीती होतीच. पण राज्य संताच्या हाती सोपवणे ही त्या कॅथलिक राजवटीच्या दृष्टीने एक अर्थपूर्ण राजकीय कृती होती, आणि पुढेही गव्हर्नरांच्या पदग्रहणाशी ती समाधी जोडलेली राहिली. शत्रू काय समजून वागत होता हे कळल्याने महाराजांच्या मोहिमेचे मोल कमी होत नाही. उलट तिचा धाक किती खोलवर गेला होता ते दिसते.

मात्र पोर्तुगीज म्हणजे केवळ जुने दप्तर, असे मानणे मला मान्य नाही. ही भाषा आज सर्वाधिक लोक बोलतात ते ब्राझीलमध्ये, आणि १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या अंगोला व मोझांबिक या देशांनीही तीच राजभाषा ठेवली. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत असे, आणि त्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या विचारवंतांपैकी आकिनो द ब्रागांसा हे मूळचे गोव्याचे होते. ज्या सत्तेने आपल्यावर राज्य केले तिचीच भाषा घेऊन आफ्रिकेतल्या लेखकांनी काय उभे केले, हे वाचताना गोव्याचा इतिहासही निराळ्या उजेडात दिसू लागतो. असे वाचन शिकवणारा वर्ग विद्यापीठाबाहेर मिळणे कठीण.

आणि कोर्लई तर आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले, तरी रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या या गावातली ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजपासून घडलेली आपली बोली घराघरांत बोलत राहिली. शब्द बहुतांशी पोर्तुगीज आणि वाक्याची ठेवण मराठीच्या वळणाची, क्रियापद शेवटी येणारी. दोन्ही भाषा जाणणारा विद्यार्थी या बोलीचा अभ्यास ज्या सहजतेने करू शकेल, ती लिस्बनहून येणाऱ्या संशोधकाला बरीच वर्षे घालवल्याशिवाय लाभणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यापीठांनी इतिहास, मराठी आणि पोर्तुगीज या विभागांचा मिळून एक अभ्यासक्रम करावा; त्यात एका सत्रात मोडी आणि दुसऱ्या सत्रात जुने पोर्तुगीज हस्ताक्षर शिकवावे, आणि अखेरच्या परीक्षेत एकाच तहासंबंधीचे दोन्ही बाजूंचे कागद विद्यार्थ्यापुढे ठेवावेत. असा अभ्यासक्रम सुरू झाला, तर त्यातले जुने हस्ताक्षर शिकवण्याचे काम मी आनंदाने करीन.