चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी आणि परभणीचा उन्हाळा : चाचण्यांची नोंद

हिवाळा सरताना संगणकात बसवलेल्या एक टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीच्या, म्हणजे चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हच्या, चाचण्या आता मे महिन्यापर्यंत येऊन पोहोचल्या आहेत. ड्राइव्ह पीसीआयईच्या, म्हणजे मदरबोर्डवरील वेगवान जोडणीच्या, चौथ्या पिढीची आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण टीएलसी नँड (डेटा कायम साठवणाऱ्या चिप) आणि स्वतंत्र डीरॅम (वीज असेपर्यंतच टिकणारी वेगवान स्मृती) असलेल्या या वर्गातील बहुतेक ड्राइव्हना पुढील निरीक्षणे कमी-अधिक प्रमाणात लागू पडतील. माझे काम जायकवाडीच्या जलाशयावर टिपलेल्या पक्ष्यांच्या फोर-के चित्रफितींच्या संपादनाचे आहे. संगणकाची खोली परभणीत, वरच्या मजल्यावर आहे आणि उन्हाळ्यात दुपारी तिचे तापमान चाळिशीच्या घरात जाते. बहुतेक परीक्षणे थंड खोलीत आणि अखंड वीजपुरवठ्यावर केलेली असतात. मला मात्र तीच ड्राइव्ह आपल्याकडच्या हवेत आणि आपल्याकडच्या विजेवर कशी वागते, हे पाहायचे होते.

खोक्यावरील वेगाबद्दल तक्रार नाही. साटा ही जुन्या प्रकारची जोडणी प्रतिसेकंद ६ गिगाबिटांची असल्याने तिच्यावरील कोणतीही एसएसडी प्रतिसेकंद साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही. पीसीआयईच्या चौथ्या पिढीच्या चार लेनची (मार्गिकांची) तात्त्विक मर्यादा मात्र जवळपास ७.९ जीबी आहे. क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर वाचनाचा आकडा सात हजार एमबीच्या किंचित वर दिसला, म्हणजे कंपनीने सांगितले तेवढे मिळाले. परंतु हा आकडा सलग वाचनाचा, एकाच वेळी अनेक मागण्या रांगेत लावून घेतलेला आणि मूळ मांडणीप्रमाणे अवघ्या १ जीबीच्या फाइलवरचा असतो. त्याच चाचणीच्या शेवटच्या ओळीत, म्हणजे रांगेत एकच मागणी ठेवून केलेल्या फोर-के रँडम (चार केबीच्या विखुरलेल्या तुकड्यांच्या) वाचनात, हीच ड्राइव्ह ऐंशी एमबीच्या आसपास उतरते. जुनी साटा ड्राइव्ह तेथे चाळिशीच्या आत होती. विंडोज सुरू होणे, प्रोग्रॅम उघडणे, शेकडो लहान फाइल चाळणे या कामांचे नाते या दुसऱ्या आकड्याशी अधिक आहे. त्यामुळे साटा एसएसडीवरून इकडे आलेल्या माणसाला बारापट वेगाचा अनुभव येत नाही. संगणक सुरू होण्याच्या वेळेत तर मला घड्याळ लावल्याशिवाय फरक कळला नाही. साटा ड्राइव्हच्या एएचसीआय या पद्धतीत ३२ मागण्यांची एकच रांग असते, तर एनव्हीएमईमध्ये हजारो रांगांची सोय आहे, हे खरे. पण घरगुती वापरात त्या रांगा भरतात कुठे?

आणखी एक मर्यादा ड्राइव्हच्या बाहेर आहे. कॅमेऱ्यातील यूएचएस-१ कार्डाची बस (डेटाचा मार्ग) प्रतिसेकंद १०४ एमबीवर थांबते. त्या कार्डावरून चित्रफिती उतरवून घेताना समोर सात हजारांची ड्राइव्ह असो वा साडेपाचशेची, वेळ तेवढाच लागतो. नवीन ड्राइव्ह घेण्याआधी आपला डेटा कोठून येतो हे तपासलेले बरे. कित्येकांना एसएसडीपेक्षा चांगल्या कार्डाची आणि कार्ड रीडरची गरज अधिक असते.

जेथे वेग खरोखर जाणवतो ती कामे वेगळी आहेत. टाइमलाइनवर तीन-चार चित्रफिती एकावर एक ठेवून पुढे-मागे सरकताना आता अडखळत नाही. एका बाजूला रेंडर चालू असताना दुसरीकडे संपूर्ण प्रकल्पाचे फोल्डर नकलून घेतले, तरी यंत्र गुदमरत नाही. माझ्या दृष्टीने या ड्राइव्हचे खरे बळ हेच आहे, आणि ते खोक्यावर कोठेही लिहिलेले नाही.

लेखनाची परीक्षा घेताना मी एफआयओ हा चाचणीचा प्रोग्रॅम वापरून मोठ्या फाइल सलग लिहिल्या आणि वेगाचा आलेख काढला. टीएलसी नँडच्या एका सेलमध्ये तीन बिट बसतात. पण तीन बिट लिहिणे वेळखाऊ असल्याने ड्राइव्ह रिकाम्या जागेतील सेल तात्पुरते एकेका बिटासाठी वापरते आणि नंतर सवडीने तो डेटा आत घडी घालून ठेवते. मोंढ्यात ट्रॉलीतील सोयाबीन आधी ओट्यावर झटपट ओतून घ्यावे आणि मग पोती भरून गोदामात लावावीत, तसा हा व्यवहार आहे. या ओट्यालाच एसएलसी कॅशे म्हणतात. एका बिटाला पूर्ण सेल खर्ची पडत असल्याने कॅशेचा आकार रिकाम्या जागेच्या फार तर एक-तृतीयांश असू शकतो. ड्राइव्ह जवळपास रिकामी असताना कित्येक जीबी पूर्ण वेगाने गेले आणि त्यानंतर आलेख खाली येऊन दीड हजार एमबीच्या आसपास स्थिरावला. ड्राइव्ह ऐंशी टक्के भरून तीच चाचणी घेतली, तेव्हा ही घसरण फार लवकर झाली आणि डेटा आवरण्याचे काम मध्येच चालू झाल्याने वेग वर-खाली होत राहिला. दीड हजारसुद्धा साटाच्या जवळपास तिप्पट आहे, तेव्हा यात रडण्यासारखे काही नाही. परंतु स्वस्त क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट ठेवणाऱ्या) ड्राइव्ह याच टप्प्यावर साटाच्याही खाली जाऊ शकतात, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मी आता किमान पाचवा हिस्सा मोकळा ठेवतो, आणि ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा मोकळी झाल्याचे ड्राइव्हला कळवण्याची सोय) चालू आहे याची खात्री करून घेतली आहे.

आता उष्णतेविषयी. या वर्गातील ड्राइव्हची कार्यकारी मर्यादा कंपन्या साधारणपणे ० ते ७० अंश सेल्सिअस अशी देतात. फेब्रुवारीत निवांत बसलेली ड्राइव्ह चाळिशीच्या खाली होती. मे महिन्याच्या दुपारी तीच काहीही न करता पन्नाशीच्या पुढे दिसते, कारण खोलीचा पारा जितका वर जातो, जवळपास तितकाच तिचाही जातो. हीटसिंकविना (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्टीविना) सलग लेखन चालू केले, तेव्हा काही मिनिटांतच तापमान ऐंशीच्या पुढे गेले आणि कंट्रोलरने, म्हणजे ड्राइव्हचे कामकाज चालवणाऱ्या चिपने, स्वतःहून वेग आवरता घेतला. येथे एक गल्लत होऊ शकते, म्हणून सांगतो. कॅशे संपल्यावरची घसरण आणि तापल्यावरची घसरण आलेखावर वरवर सारखीच दिसतात. परंतु कॅशेची घसरण ठरावीक जीबी लिहिल्यावर येते, तर उष्णतेची घसरण ऋतू, वेळ आणि हवेनुसार जागा बदलते. खात्रीसाठी ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या स्मार्ट नोंदी ठेवते, त्यांमध्ये पाहावे. इशाऱ्याच्या तापमानाच्या वर ड्राइव्ह किती मिनिटे राहिली, याची स्वतंत्र मोजणी एनव्हीएमईच्या त्या नोंदींत असते. माझ्याकडे हा आकडा हिवाळाभर शून्य होता आणि एप्रिलमध्ये हलला.

मदरबोर्डसोबत आलेला हीटसिंक थर्मल पॅडसह नीट बसवल्यावर तेच लेखन सत्तरीच्या आत राहिले. त्याहून मोठा फरक जागेने पडला. प्रोसेसरजवळचा एम.२ स्लॉट (अशी ड्राइव्ह बसवण्याची खाच) ग्राफिक्स कार्डाच्या अगदी वर आहे, त्यामुळे रेंडर चालू असताना कार्डाची गरम हवा थेट ड्राइव्हवर येते. खालचा स्लॉट थंड आहे, पण तो चिपसेट या मदरबोर्डवरील मधल्या चिपमार्फत जोडलेला असल्याने इतर उपकरणांशी मार्ग वाटून घेतो. मी समोर एक पंखा वाढवून ड्राइव्ह वरच्याच स्लॉटमध्ये ठेवली. खोलीतील कूलरने तापमान आणखी उतरते, हे खरे. परंतु कूलरची दमट हवा आणि उन्हाळी धूळ मिळून कॅबिनेटच्या जाळीवर जो थर साचवतात, तो वरचेवर काढावा लागतो.

विजेचा प्रश्न याहून वेगळा आहे. घरगुती ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावर डीरॅममधील मजकूर नँडवर उतरवण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर सहसा नसतात. ते सर्व्हरसाठीच्या ड्राइव्हमध्ये असतात, आणि त्यांपैकी पुष्कळ एम.२ ड्राइव्ह ११० मिलिमीटर लांबीच्या असल्याने ८० मिलिमीटरच्या आपल्या स्लॉटमध्ये मावत नाहीत. अचानक बंद पडण्याची मोजणीसुद्धा स्मार्ट नोंदींत असते, आणि वळवाच्या पावसाचे दिवस आले की आपल्याकडे ती भराभर वाढते. नक्कल चालू असताना मुद्दाम वीज तोडून पाहिली, तेव्हा आधी पूर्ण झालेल्या फाइलचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळले. लिहिली जात असलेली फाइल मात्र अर्धवट राहिली. विंडोजमध्ये लेखनाचे बफर फ्लशिंग (तात्पुरत्या स्मृतीतील डेटा लगेच नँडवर उतरवण्याची आज्ञा) बंद करून वेग वाढवण्याचा एक पर्याय आहे, त्याला यूपीएसविना हात लावू नये. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबणाऱ्यांनी तो यूपीएस मोडवर (वीज जाताच झटकन बॅटरीवर जाणाऱ्या मांडणीवर) आहे का हे पाहावे, कारण संगणकाचा पॉवर सप्लाय वीज गेल्यावर जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो.

आयुष्याची धास्ती मला उरलेली नाही. या क्षमतेच्या ड्राइव्हला साधारणपणे ६०० टीबी लेखनाची हमी असते. रोज ५० जीबी लिहिले तरी ती गाठायला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. मात्र ड्राइव्ह काढून कपाटात ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. जेडेक या चिप उद्योगातील मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती ड्राइव्हने, हमीइतके लेखन संपल्यानंतर, ३० अंशांत विजेविना एक वर्ष डेटा टिकवावा अशी अपेक्षा आहे, आणि साठवणुकीचे तापमान वाढले की हा कालावधी झपाट्याने घटतो. नव्या ड्राइव्हची स्थिती अर्थातच यापेक्षा पुष्कळ चांगली असते. तरीही पत्र्याखालच्या खोलीतील कपाट हे वर्षानुवर्षांच्या चित्रफितींसाठी योग्य ठिकाण नव्हे, म्हणून माझ्या मूळ प्रती हार्ड डिस्कवरच राहणार आहेत आणि जुन्या साटा ड्राइव्हवर फक्त चालू कामाची दुसरी प्रत असेल.

पुढच्या टप्प्यात ग्राफिक्स कार्ड पूर्ण भारावर ठेवून, भर दुपारी, कूलर बंद असताना दोन्ही स्लॉटमध्ये तेच लेखन करून पाहायचे आहे. फर्मवेअरची (ड्राइव्हच्या आतील प्रोग्रॅमची) नवी आवृत्ती आली आहे; आधीचे आकडे तुलनेसाठी हाती राहावेत म्हणून ती या चाचणीनंतरच चढवेन.