पगार सातला, पण सातच्या सकाळी

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बारा वर्षं पगाराचं काम बघते. एकशे चाळीस माणसं. महिना उजाडला की गेटपासून टेबलापर्यंत पोचेस्तोवर चार-पाच जण तरी विचारतात, "मॅडम, पगार कधी?" पूर्वी मी म्हणायचे, "सातला होईल." आता इतकं मोघम सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओव्हरटाइमची शीट उशिरा आली, तरी 6 तारखेला दुपारी मी पगाराची फाईल बँकेच्या साइटवर चढवली. आमच्याकडे फाईल मी टाकायची आणि मंजुरी साहेबांनी द्यायची. ते लग्नाला गावी गेलेले, फोनला रेंज नाही. मंजुरी मिळाली 7 ला संध्याकाळी साडेपाचला. संध्याकाळी सात वाजायच्या आत सगळ्यांचे पैसे जमा झाले आणि मी निश्चिंत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचे एक काका टेबलापुढे येऊन उभे राहिले. काही न बोलता मोबाईल पुढे केला. गाडीचा 2,840 रुपयांचा हप्ता 7 च्या सकाळी खात्यावर आलेला, तेव्हा शिल्लक होती 312. बँकेने दंडाचे 590 लावले, ते पगार जमा होताच कापले गेले. फायनान्सवाल्यांचा दंड वेगळा. "मॅडम, मी तर एकही खाडा केला नव्हता." एवढंच म्हणाले ते. मला काय बोलावं ते सुचेना.

कायद्याने आम्ही वेळेत होतो. पगार वेळेत देण्याच्या 1936 च्या कायद्यात हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सातवा दिवस संपायच्या आत, हजार किंवा जास्त असतील तर दहावा, अशी मुदत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता हा पगाराचा नवा कायदा लागू झाला आणि महिन्याच्या पगाराला सरसकट पुढच्या महिन्याची 7 तारीख आली. हे चांगलंच झालं. पण कायदा दिवस मोजतो आणि हप्ता सकाळीच येऊन धडकतो. त्या मधल्या दहा तासांची किंमत काकांनी भरली.

"बँकेला सुट्टी होती" हेही आता सांगता येत नाही. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, डिसेंबर 2019 पासून रात्रंदिवस चालू आहे, दर अर्ध्या तासाला. आणि 1 ऑगस्ट 2021 पासून हप्तेही रविवारी कापले जातात. आधी 7 ला रविवार आला की हप्ता सोमवारवर जायचा, तेवढीच माणसाला सवड मिळायची. तीही गेली.

काकांचे दोन्ही दंड कंपनीने भरावेत म्हणून मी साहेबांशी भांडले. त्यांनी भरले. सिबिलवर, म्हणजे त्यांच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, पडलेला डाग मात्र मला पुसता आला नाही, ते अजून टोचतं.

तेव्हापासून फाईल 5 ला जाते आणि मंजुरी द्यायचा अधिकार दोघांकडे आहे. 6 चा दिवस मी परत आलेल्या पगारांसाठी राखून ठेवते. या महिन्यात एकच परत आला, नव्या पोराच्या खातेनंबरात एक आकडा चुकला होता. पासबुकाचा फोटो मागवला, पैसे पुन्हा पाठवले, आणि त्याच्या मोबाईलवर जमा झाल्याचा मेसेज बघूनच पर्स उचलली.