चॅनेल एफ: उजवं हँडल सुधारलं, डावं अजून रुसलेलं

रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर टेबलाशी बसलो, तो आईने जेवायला तिसरी हाक मारल्यावरच उठलो. पण माझ्या चॅनेल एफ या जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलचं उजवं हँडल आता आठही हालचाली ओळखतंय.

फेअरचाइल्ड चॅनेल एफचं हँडल म्हणजे अजब प्रकरण. त्याला खाली बूड नाही, मुठीत धरायचं. वरची टोपी चारी दिशांना झुकते, दोन्हीकडे पिळता येते, दाबता येते आणि चक्क वर ओढता येते. हे सगळं आतल्या पातळ धातूच्या पट्ट्यांच्या जिवावर. माझं हँडल पिळलं तरी ढिम्म. उघडलं तर पट्टी काळी पडलेली आणि एक वायर सोल्डरच्या टाक्यातून केसभर सुटलेली. पट्टीवर हलकेच खोडरबर फिरवला, वायरला नवा टाका मारला. या मॉडेलची वायर कन्सोलमधून निघतच नाही, त्यामुळे दर वेळी अख्खं धूड टेबलावर.

वीज आणि चित्राचं मागेच उरकलं होतं: विजेचा दाब उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला आणि आरएफच्या (अँटेनाच्या सिग्नलच्या) आधीच कॉम्पोझिट, म्हणजे थेट चित्राचा सिग्नल, काढून परदेशी सिग्नलही दाखवणाऱ्या जुन्या मल्टिसिस्टम टीव्हीला दिलं.

आमच्या इंदूरच्या राजवाड्याकडच्या मित्रांना अजून वाटतं, कॅसेटवाले गेम अटारीने आणले. अटारीचा व्हीसीएस कन्सोल सप्टेंबर १९७७ चा, चॅनेल एफ नोव्हेंबर १९७६ चा. १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी कन्सोललाही कार्डं होती, पण त्यांत नुसत्या जोडण्या. कॅसेटमधल्या चिपवर खरा प्रोग्रॅम आणि तो चालवायला मायक्रोप्रोसेसर, हे घरगुती कन्सोलमध्ये पहिल्यांदा इथे झालं. मूळ काम आल्पेक्स या कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांचं. ते फेअरचाइल्डच्याच एफ८ प्रोसेसरवर आणून विकण्याजोगं केलं फेअरचाइल्डमधल्या जेरी लॉसन यांच्या टीमने. पोरं दिवसातून दहादा कॅसेट घालणार-काढणार, स्थिर विजेने चिप उडली तर? ही धास्ती त्यांनी वाहिली, म्हणून नव्वदीत आपण फुंकरा मारून निर्धास्त कॅसेटी खुपसत होतो.

होल्ड बटण तर माझं लाडकं. गेम थांबवा, थांबलेल्या गेमची वेळ आणि वेगही बदला. १९७६ मध्ये!

मग चॅनेल एफ बाजारात आपटला कसा? १२८ × ६४ ठिपके, २ केबी चित्र-मेमरी, आणि एकेक ठिपका प्रोसेसरनेच रंगवायचा. हालचाल जड होणारच. पण ते मी माफ करतो. गेम फिके होते, हे खरं दुखणं. अटारीकडे आर्केडमधले गाजलेले खेळ, इकडे १६९.९५ डॉलर मोजून आणलेल्या मशीनच्या पहिल्या कॅसेटमध्ये फुल्ली-गोळा आणि चित्रं काढायचं डूडल. १९७९ मध्ये फेअरचाइल्डने हा धंदा झिरकॉन या कंपनीकडे सोपवला.

आवाज टीव्हीतून येत नाही, डब्यातल्याच स्पीकरमधून येतो. १२०, ५०० आणि १००० हर्ट्झ, तीनच सूर. हॉकीचा गेम लावला तेव्हा आई आतून ओरडली, "अरे, बेल वाजतेय, बघ कोण आलंय!" दोनदा दार उघडून आली बिचारी.

डाव्या हँडलची वर ओढायची पट्टी मात्र मुळातच तुटलीय. महारानी रोडवरून एक जुना रिले (विजेने चालणारा स्विच) आणून ठेवलाय. त्यातली पट्टी कापून बसतेय का, पुढच्या रविवारी बघतो.