शाल, श्रीफळ आणि ईबी-१ए

सोलापूरहून येणाऱ्या फोनांत हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, माझ्याकडं चार-पाच पुरस्कार आहेत, त्याच्यावर अमेरिकेचं जमतंय म्हणे?" जमतं, पण नुसते ट्रॉफीचे फोटो पाठवून नाही.

सगळ्यांचा रोख ईबी-१ए या, असामान्य गुणवत्तेवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाकडे असतो. इथे कंपनी लागत नाही, अर्ज स्वतःचा स्वतः करता येतो. ईबी-२ या त्याखालच्या, उच्चशिक्षितांच्या वर्गातली भारतीयांची रांग दहा वर्षांच्या पुढे गेल्यापासून जो तो इकडे वळलाय. (रांग इथेही आहेच, जरा आखूड.) नोबेल किंवा ऑलिंपिक पदक असेल तर पहिला टप्पा तेवढ्यावर पार होतो. बाकीच्यांनी दहापैकी किमान तीन निकष पुरे करायचे. त्यातला पहिलाच पुरस्कारांचा: आपल्या क्षेत्रातल्या उत्कृष्ट कामासाठी मिळालेला आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता असलेला.

आपली गाडी अडते ती या 'मान्यते'पाशी. हुतात्मा स्मृतिमंदिरात फेटा बांधून झालेल्या सत्काराचं मोल आपल्याला ठाऊक असतं, फाइल तपासणाऱ्याला नाही. तो बघतो की पुरस्कार कोणत्या कसोटीवर दिला, कितीजणांना दिला, स्पर्धेत कोणाला उतरता येत होतं. एकाच गावापुरता किंवा एकाच कंपनीपुरता पुरस्कार असेल तर त्याचं वजन फार पडत नाही. 'एम्प्लॉयी ऑफ द इयर'वाल्यांनी हे ध्यानात घ्यावं. उलट आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी बघा. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं तेव्हा १४० हून जास्त देशांतून १२ हजारांवर नामांकनं होती, बक्षीस दहा लाख डॉलरचं, आणि बातमी जगभर. असा पुरस्कार स्वतःच बोलतो.

माझा तसा नव्हता. एका देशव्यापी संस्थेचा, ३५ वर्षांखालच्या अभियंत्यांसाठीचा. वयाची अट आहे म्हणून असा पुरस्कार बाद होत नाही, पण देशभर त्याला मान आहे हे दाखवावं लागतं. प्रमाणपत्रावर 'उल्लेखनीय कार्याबद्दल' एवढंच. वकीलबाईंना हवं होतं ते वेगळंच: अर्ज किती आले, परीक्षक कोण, निवड कशी झाली, आधीचे मानकरी कोण. त्या वर्षीचं आयोजन संस्थेच्या सोलापूर शाखेकडे होतं, म्हणून हे काम सोलापुरात असलेल्या आमच्या घरच्या अण्णांच्या गळ्यात पडलं. गेले तर सचिव पुण्याला. परत गेले तर कार्यकारिणी बदललेली, जुनं दप्तर माळ्यावर. शेवटी तिथल्या कारकुनाला चहा पाजून अण्णांनीच धूळ झटकत परीक्षकांच्या बैठकीचं इतिवृत्त शोधलं. आमच्या अख्ख्या फाइलीतला सगळ्यात वजनदार कागद तोच ठरला.

मराठी पेपरातल्या कात्रणांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. सोबत भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, ते करण्याइतकं आपल्याला येतं, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. नोटरीची अट नाही. अण्णांनी तरी कोर्टाजवळ जाऊन शिक्के मारून आणलेच. शिक्क्याशिवाय कागदाला कागद म्हणायची त्यांची तयारी नव्हती!

तीन निकष जुळले की सुटलो, असंही नाही. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाच्या २०१० च्या कझारियन निकालापासून तपासणी दोन टप्प्यांत होते. निकष मोजून झाले की सगळी फाइल एकत्र बघतात आणि हा माणूस त्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्यांत बसतो का, नाव टिकवून आहे का, हे ठरवतात. जुना एक पुरस्कार आणि नंतर काहीच नाही, अशी फाइल तिथे अडखळते.

'अभिनंदन! आपली निवड झाली, ट्रॉफीचं शुल्क भरा' असे ईमेल येतात, त्यांच्या नादी लागू नका. प्रवेश शुल्क चांगल्या स्पर्धांनाही असतं, त्यात वावगं काही नाही. पण पैसे भरेल तो विजेता, असा मामला असेल तर निवडीचा कागद आणणार कुठून? आणि खोटा कागद जोडून पकडला गेलात तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

जुळे सोलापुरातल्या माझ्या मामेभावाचा पुरस्कार सांघिक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की सांघिक पुरस्कारही चालतो, मात्र मानकऱ्यांत आपण होतो हे सिद्ध व्हायला हवं. त्याच्या प्रमाणपत्रावर फक्त टीमचं नाव. आयोजकांकडे त्याने सदस्यांची सही-शिक्क्याची यादी मागितली आहे. "गड्ड्याची यात्रा होऊ द्या, मग बघू," असं त्याला सांगितलंय.