आरएक्सला 135 चा ब्लॉक

यामाहा आरएक्स 100 आणि आरएक्स 135 या दोन्ही मोटरसायकलींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जितका सरकतो ते अंतर, एकच, 50 मिलिमीटर. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा. शंभरचा 50, एकशेपस्तीसचा 58. आठ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण हिशेब व्यासाच्या वर्गाने होतो, म्हणून 98 सीसीचं इंजिन थेट 132 वर जातं. ब्लॉक (म्हणजे सिलिंडर), पिस्टन आणि वरचं झाकण म्हणजे हेड बदललं की झालं, असं गॅरेजच्या कट्ट्यावर कुणीही सांगतं.

मला ते मामांच्या 1989 च्या गाडीवर करायचं होतं. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींनी ऐकताक्षणी हात झटकले. "ही केस मी कापणार न्हाई. नंबर हाय तिच्यावर. ब्लॉक काय, कुणीबी बशिवतंय."

त्यांचं बरोबर होतं. केस म्हणजे क्रँककेस, क्रँक फिरते ती इंजिनाची खालची पेटी. ब्लॉकच्या आतल्या नळीचा, म्हणजे स्लीव्हचा, खालचा घेर तिच्या तोंडात उतरतो, आणि 135 चा घेर शंभरच्या तोंडात मावत नाही. तोंड बोअर करून मोठं करावं लागतं. इंजिन नंबर त्याच केसवर ठोकलेला, आणि कापलेलं अॅल्युमिनियम काही परत येत नाही. शिवाय आरसीवर 98 सीसी लिहिलेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमावाले काय म्हणतील, हे सांगायला ज्योतिषी नको. मामांचं इंजिन तसंच राहिलं. भंगारातून एक इंजिन आणि मोडकी चासी उचलली, फक्त मातीच्या ट्रॅकवर पळवायला. हौस तिथेच भागवावी, असं माझं आता पक्कं मत आहे.

इंजिन पूर्ण खोललं. काही जण क्रँक आत ठेवून, चिंध्या कोंबून तोंड मोठं करतात. मग अॅल्युमिनियमचा एखादा किस बेअरिंगमध्ये जातो आणि क्रँक आवाज करायला लागते. आम्ही क्रँक, बेअरिंगं, सील सगळं काढलं, केसचे दोन्ही रिकामे अर्धे भाग डॉवेलसकट (जुळवणीच्या पिनांसकट) पुन्हा आवळले आणि तसेच बोअरिंगला दिले. कारागिराने जुन्या तोंडाला डायल (मापाचा काटा) लावून सेंटर पकडलं, ब्लॉक बसतो ती पाटी क्रँकच्या रेषेला समांतर आहे का तेही पाहिलं. त्याला तासभर लागला, कापायला त्याहून कमी. ही जुळवणी चुकली तर पिस्टन एका बाजूला घासत राहतो आणि पुढे कितीही महागडा पिस्टन टाका, उपयोग नाही.

मग ट्रान्सफरच्या वाटा, म्हणजे केसमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण वर सिलिंडरमध्ये नेणाऱ्या. ब्लॉकच्या खिडक्या आणि केसच्या खिडक्या यांत पायरी राहिली की खालून येणारं मिश्रण तिथे अडखळतं. गॅस्केट ठेवून रेघ मारली आणि ग्राइंडरने हळूहळू दोन्ही कडा एकसारख्या केल्या. स्टडजवळची भिंत पातळ असते, तिथे हात आवरला.

ब्लॉक जुनाच मिळाला होता, म्हणून 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज (जास्त मापाचा) पिस्टन आधी आणला आणि तो मोजूनच बोअर केला. बाण सायलेन्सरकडे, रिंगांची तोंडं पिनांवर, गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) लॉकी नव्या. लॉक बसवताना केसच्या तोंडावर फडकं हवंच. ती लॉक उडून आत गेली की सगळं पुन्हा खोला.

टू-स्ट्रोकला केस हवाबंद असणं म्हणजे अर्धं इंजिन. क्रँकची दोन्ही सीलं नवी टाकली, सायलेन्सरचं आणि कार्ब्युरेटरचं तोंड रबराने बंद केलं आणि सायकलच्या पंपाने सहा पीएसआय हवा भरली. साबणाचं पाणी फिरवलं तर बुडबुडे ब्लॉकच्या बुडाशी. गॅस्केट बदललं, मग दाबाचा काटा जागेवर राहिला. ही तपासणी आपल्याकडे फार कमी गॅरेजवाले करतात. फटीतून हवा ओढणारं इंजिन तापतं, पिस्टन जाम होतो, आणि दोष तेलाला दिला जातो.

किक दुसरी-तिसरी मारेपर्यंत चालू झालं. पहिल्या टाकीत ऑटोल्यूबच्या (आपोआप तेल देणाऱ्या पंपाच्या) जोडीला पेट्रोलमध्येही थोडं तेल घातलं. रिंगा बसल्यावर जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं माप ठरवणारं छिद्र. फुल थ्रॉटलवर पळवायचं, क्लच दाबून चावी बंद करायची, ढकलत आणायचं आणि प्लग खोलून बघायचा. शंभरच्या जेटवर प्लग पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. मोठ्या जेटवर तो कॉफीसारखा तपकिरी झाला, तिथे थांबलो. आणखी एक जेट वर गेलं की वरच्या आरपीएमला इंजिन अडखळायचं.

ओढ मात्र खालपासूनच जाणवते. मातीत दुसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना आता क्लच खेळवावा लागत नाही. जुना क्लचच आधी घसरायला लागला, त्याच्या प्लेटी आणि स्प्रिंगा बदलल्या. पुढचा ड्रम ब्रेक अजून शंभरचाच आहे, त्याचं काम पुढच्या महिन्यात.