संबळ ऐकला की भक्तिसंगीत? एका फॉर्मशी तीन आठवडे

तीन गाणी रेकॉर्ड करायला आमच्या बँडला चार रविवार लागले. त्या गाण्यांचा आवाज कसा आहे, हे ॲप्सवर चढवण्याच्या फॉर्मवर ५०० अक्षरांत लिहून मान्य करून घ्यायला तीन आठवडे. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि आमच्यासारखं काही करणाऱ्या दुसऱ्या कुणाचे तेवढे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

मी लालबागची. आजोबा गिरणीत तिसऱ्या पाळीला जायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर ते पुन्हा खात्यात गेले नाहीत. आजी दळताना ओव्या म्हणायची, त्यातल्या दोन चाली माझ्या कानात राहिल्या. आमची पहिली दोन गाणी त्या चालींवरची आहेत: संथ, गिटार, तुणतुणं आणि संबळ. तिसरं गाणं गिरणीच्या भोंग्यावर, सरळ पंक, म्हणजे वेगवान, ओरडून गायलेलं रॉक, १ मिनिट ४८ सेकंदांचं. रेकॉर्डिंग, मिक्सिंग, कव्हरचा चौकोनी फोटो, सगळं नीट पार पडलं.

मग आला गाणी सगळ्या ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीचा फॉर्म. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडलं की शैलींची यादीच बदलायची. लोकगीत, भक्तिगीत, लावणी, चित्रपटगीत, पॉप. पंक गायब. भाषा इंग्रजी केली की पंक परत दिसायचं. म्हणजे मराठीत पंक होऊच शकत नाही, असं त्या यादीनं आधीच ठरवून टाकलं होतं. मी ‘इतर’ निवडलं आणि खालच्या चौकटीत लिहिलं: ‘गूढ, उदास, अंधारं लोकसंगीत आणि आक्रमक पंक.’

पाच दिवसांनी उत्तर आलं. वाद्यांवरून पहिली दोन गाणी भक्तिसंगीत वाटतात, म्हणून वर्ग बदलला आहे. तिसऱ्या गाण्याच्या फाइलमध्ये खरखर आहे, दुरुस्त करून पाठवा.

संबळ आणि तुणतुणं गोंधळात वाजतात, गोंधळ देवीचा असतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण गाण्यात देवी नाही. रात्री पाळीवरून न परतलेल्या माणसाची वाट बघणारी बाई आहे. शब्द सोबत जोडले होते, ते कुणी वाचले नाहीत. मी उत्तर लिहिलं, ठरावीक साच्यातला मेल परत आला. मग वर्णनात ‘हे भक्तिगीत नाही’ एवढं वाढवलं, आणि अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी गेला. तिथे कुठलाही बदल केला की पाच कामाचे दिवस नव्यानं मोजतात. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यामुळे आधी वहीत सगळं लिहून काढा, चार जणांना वाचून दाखवा, मगच ते बटण दाबा.

दुसऱ्या नकारानंतर मी कुर्ल्याला गाडीत उभी होते आणि आमच्या संबळवाल्या काकांचं एक वाक्य आठवलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, ‘काका, थोडं डार्क वाजवा.’ त्यांनी काठ्या खाली ठेवल्या. म्हणाले, ‘पोरी, उदास हा ठेका नाही. हात कुठे पाडू ते सांग.’ तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं की उंच बोलणाऱ्या बाजूला कमी हात लावा, घुमणाऱ्या बाजूवर जास्त रहा, आणि दोन आघातांमध्ये जागा सोडा. त्यांनी लगेच तसं वाजवलं. हेच मला फॉर्मवर लिहायचं होतं. मी लिहिले होते फक्त मनाचे रंग, आणि ते वाचून कुणाच्याही कानात काही वाजत नव्हतं.

घरी येऊन एकेक गाणं लावलं आणि हात काय करतो, कानाला काय येतं, एवढंच लिहीत गेले. गिटारच्या तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावल्या आहेत, म्हणजे नेहमी लावतात त्यापेक्षा सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक सूर खाली. डी ला सा धरलं तर मोकळ्या तारा सा-प-सा-म-प-सा बोलतात. त्यात गंधार, म्हणजे ग, नाही. तुणतुण्याची एकच तार, ती सा धरून बसते. गंधार फक्त माझ्या गळ्यात येतो, कोमल. ऐकणाऱ्याला ज्याची हुरहूर लागते तो सूर एकट्या आवाजावर टांगलेला आहे, खाली त्याला कुणाचाच आधार नाही.

आणि मग पंकचं गाणं लावलं तर तिथेही तेच! पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. गंधार काढून टाकतात, कारण डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणं, प्रत्येक सुराचे आणखी सूर तयार करतं. सा-प त्या गर्दीत स्वच्छ उभे राहतात, गंधार घातला की चिखल होतो. आजीच्या ओवीची चाल आणि भोंग्याचं गाणं एकाच बँडनं का करावं, याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. दोन्हीकडे खाली गंधार नाही, वर माणसाचा आवाज. एकीकडे तो आवाज संथ चालतो, दुसरीकडे मिनिटाला १८० ठोक्यांवर धावतो.

शेवटी पाठवलेलं वर्णन असं होतं: ‘गाणी १, २: डार्क फोक. सैल लावलेली अकूस्टिक गिटार, तुणतुण्याचा सतत एकच सूर, संबळाची घुमणारी बाजू, लय ६६. एकटा स्त्रीस्वर, खालच्या पट्टीत, जवळून, प्रतिध्वनी न घालता. विषय: गिरणी संप, वाट पाहणं, धार्मिक आशय नाही. गाणं ३: पंक. लय १८०, गिटारवर सगळे फटके खालच्या दिशेनं, पॉवर कॉर्ड, ओरडून गायलेला स्वर, कोरसला तिघांचे आवाज. खरखर मुद्दाम ठेवलेली आहे.’

यात ‘गूढ’ नाही, ‘आक्रमक’ही नाही, आणि तरी वाचणाऱ्याला गाणं ऐकू येतं. मला या चार ओळींचा अभिमान वाटतो.

खरखरीबद्दलचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. गिटारचं डिस्टॉर्शन आणि फाइल फाटणं यातला फरक तपासणाऱ्या यंत्राला कळेलच असं नाही. म्हणून मिक्समध्ये एकूण पातळी शून्य डेसिबलच्या थोडी खाली ठेवा आणि डिस्टॉर्शन हेतूनं आहे असं लिहून द्या. लांबीबद्दलही कंपनीतल्या एकानं मेलवर विचारलं होतं, गाणं अर्धवट तुटलंय का म्हणून. रामोन्स या अमेरिकन पंक बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्धा तासही होत नाहीत. मी तेवढंच उत्तर पाठवलं, पुढे प्रश्न आला नाही.

आणखी एक राहिलं, हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं. ‘कुणासारखं वाटतं’ या रकान्यात मोठ्या बँडची नावं भरू नका. आम्ही पहिल्यांदा तीन परदेशी नावं भरली होती आणि तपासणाऱ्यानं आमची गाणी त्यांच्याशी ताडून पाहिली असणार. आमच्यात संबळ आहे, त्यांच्यात नाही. तो रकाना रिकामा सोडला तरी चालतो.

तिसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी मंजुरी आली. दोन गाणी ‘लोकसंगीत, पर्यायी’मध्ये, एक ‘पंक’मध्ये, भाषा मराठीच. वाद्यांच्या यादीत मात्र संबळ नव्हता, ‘तालवाद्य, इतर’ एवढंच. मी अर्ज पाठवतानाच कलाकारांच्या रकान्यात काकांच्या नावापुढे ‘संबळ’ हातानं टाइप करून टाकलं होतं.

गुरुवारी रात्री बाराला गाणी लागली. सकाळी सातला काकांचा फोन. गाणं कसं वाटलं वगैरे काही नाही, पहिला प्रश्न: ‘पोरी, संबळ हे नाव आलंय ना?’

‘आलंय काका. तुमच्या नावाला लागूनच.’